दहापैकी नऊ

"बाई, तुम्ही आमचे निबंध खरंच वाचता, की नुसतं वजन करून गुण देता?"

हा प्रश्न मी भर वर्गात, उभं राहून, खणखणीत आवाजात विचारला! प्रश्न खरा आमच्या मागच्या बाकावरच्या चौकडीचा. "हिंमत असेल तर विचार," चौघी म्हणाल्या. आता गेल्या महिन्यात वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझ्याकडे हिंमत इतकी झालीय की गल्लीत वाटून उरेल! विचारला.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"उत्तम प्रश्न. मग या वेळचे तूच तपास."

आणि माझ्या हातात गठ्ठा! 'साहित्यातील उपरोध: सोदाहरण विश्लेषण'. माझा सोडून तीस निबंध. सगळे संगणकाच्या तासाला टाइप केलेले, वर नाव नाही, नुसता हजेरी क्रमांक.

"प्रत्येक ओळ वाचायची. समासात लाल शाईने शेरे. शुक्रवारी परत."

"चुटकीसरशी, बाई!" मी चुटकी वाजवूनसुद्धा दाखवली.

गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. तिथे बाबांचेही कागद पसरलेले होते, ते कोपराने सरकवले. बाबा आठवडाभर तंद्रीतच होते. त्यांचे साहेब शुक्रवारी निवृत्त होणार, आणि रिकाम्या खुर्चीसाठी नाव साहेबच सुचवणार! त्यामुळे बाबा अंघोळीला गेले की आतून तासभर पुटपुटणं. मी काही ऐकलं नाही. माझ्या कानात गाणी असतात.

तर निबंध! बारा जणांची सुरुवात एकच: 'उपरोध हे धारदार शस्त्र आहे.' तिघांनी तर गाइडातलं पान उतरवताना तळाचा पान क्रमांकही उतरवला होता! आठव्या निबंधाला माझी हनुवटी टेबलाला टेकली. पंधराव्याला बाईंबद्दल माया दाटून आली.

आणि मग तो आला! दोन पानं, तीही टाइप केलेली. वर क्रमांक नाही. विश्लेषण-बिश्लेषण काही नाही, पठ्ठ्याने थेट उपरोधच लिहिला होता! 'आदरणीय महोदय' म्हणून कुणाच्या तरी निरोपाचं भाषण. मी लगेच ओळखलं, हे आमच्या मुख्याध्यापकांवर आहे! माझं लाल पेन घोड्यासारखं उधळलं.

'आपले दार सर्वांसाठी सदैव उघडे असे.' माझा शेरा: कारण आत कुणी नसे! वा!

'आपण घाईघाईने एकही निर्णय घेतला नाही.' शेरा: सावकाशही नाही!

'आपल्याला रागावलेले कुणीच पाहिले नाही.' शेरा: जागे तरी पाहिले का?

शेवटी लिहिलं: 'एकही वाईट शब्द न वापरता माणूस पुरता सोलला आहे. क्रमांक न लिहिल्याबद्दल एक गुण कमी.' आणि पानाच्या अगदी तळाला, मोठ्या गोलात: '९/१०.' बाकी कुणाला मी सहाच्या वर चढू दिलं नव्हतं.

शुक्रवारी बाईंसमोर गठ्ठा मोजला. बरोबर तीस. पण माझा लाडका निबंध गायब!

"तो नऊ गुणांचा निबंध कुणाचा?" मी वर्गाला विचारलं.

सहा हात वर!

"वर्गातले तिसांचे तीस इथे आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "मग तुझा एकतिसावा आला कुठून?"

माझी वाचाच बसली. वक्तृत्वातली पहिली!

घरी येऊन दप्तर टाकलं आणि आईपुढे गाऱ्हाणं मांडलं. "अगं, इतका भारी होता! 'आपले दार सर्वांसाठी...'"

"'...सदैव उघडे असे,'" आई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"आठवडाभर न्हाणीघरातून ऐकतेय! बाबांचं भाषण ते. सकाळी तुझ्या गठ्ठ्यात सापडलं, फायलीत घालून दिलं त्यांना. पाठच होतं, न बघता म्हणणार होते. फाइल साहेबांना आठवण म्हणून द्यायची."

"आई! त्यावरचं लाल दिसलं नाही तुला?"

"मला वाटलं, महत्त्वाच्या ओळींवर खुणा केल्यात त्यांनी."

मी सांगितलं. आईच्या हातातली चादर जमिनीवर!

तेवढ्यात बाबा शीळ घालत आत आले. "टाळ्याच टाळ्या! साहेबांनी फाइल छातीशी धरली. आपलं काम झालंच समजा!"

मी तोंड उघडलं, इतक्यात त्यांचा फोन वाजला. साहेब! बाबांनी कौतुकाने स्पीकर लावला.

"अहो, ती फाइल उघडली. मी कुठलाही कागद शेवटाकडून बघतो, तुम्हाला माहीतच आहे. आत्ता तळाचा मोठा आकडाच तेवढा पाहिला. दहापैकी नऊ दिलेत मला? वा! पण एक कशाला कापलात?"

बाबांचा चेहरा कोरा कागद.

"असू द्या. आता घरी पाहुणे आहेत. उद्या निवांत अक्षर न् अक्षर वाचतो. आयुष्यात पहिल्यांदाच वेळ मिळालाय हो! वाचून झालं की लगेच शिफारस पाठवतो."

फोन बंद. बाबा माझ्याकडे, आई माझ्याकडे. मी शेरे एकेक करून म्हणून दाखवले. 'जागे तरी पाहिले का'ला आईला हसू फुटलं आणि बाबा मटकन खाली बसले.

"मी अगदी मनापासून लिहिलं होतं गं," ते एवढंच म्हणाले.

ते ऐकून मात्र माझ्या गल्लीभर हिमतीतली चिमूटभरसुद्धा उरली नाही. तरी मी उभी राहिले. वर्गात राहिले होते तशीच.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या सकाळी साहेबांनी फाइल उघडायच्या आत मी त्यांच्या घरी जाणार. शेरे माझे आहेत आणि भाषण बाबांचं खरं आहे, हे तोंडावर सांगणार."

"आणि त्यांनी हाकललं तर?" बाबांनी विचारलं.

"हाकलू देत. पण आधी तो कापलेला एक गुण देऊन येणार!"