आपाकाकांची मोजदाद

लग्नाच्या पंगतीत बसल्यावर लोक पानात काय वाढलंय ते बघतात. आमच्या इब्रामपूरचे आपाकाका गावस वाढपी मोजतात. मोजून झाले की यजमानाला हाक मारून विचारतात, "म्हशी किती, हात किती?" वाढपी कमी असले तर आपाकाका स्वतःच उठून वरणाची बादली उचलतात. यजमान ओशाळतो आणि माझ्यासारख्या शेजाऱ्याला मान खाली घालून जेवावं लागतं.

हे वेड त्यांच्या गोठ्यातलं. धाकटा भाऊ तुयेच्या कारखान्यात लागला आणि सात म्हशींचं दूध काढायला आपाकाका एकटे उरले. घाईत दोन म्हशींमध्ये हात धुवायचे राहू लागले. एकीची कास सुजली, मग तिच्या शेजारणीची, मग तिसरीची. तेव्हापासून आजारी म्हैस शेवटी आणि मध्ये साबण, हा नियम.

गेल्या वर्षी काकींचं पोटाचं ऑपरेशन झालं. मीच दोघांना गाडीतून इस्पितळात नेलं होतं. वॉर्डात तीस खाटा आणि दुपारपाळीला एकटी नर्स. सुजाता नाव, बेळगावकडची. दुसरी रजेवर, तिसरीची जागा रिकामीच. सुजाताने एका बाईची पू झालेली जखम बांधली, हातमोजे काढले आणि वॉर्डाच्या टोकाच्या बेसिनकडे निघाली. वाटेत तिघींनी हाका मारल्या. ती हात न धुताच त्यांच्याकडे वळली.

"बाय, हात!" आपाकाका ओरडले.

सुजाताचे डोळे भरले. "काका, मी तिकडं जाऊन येईतोवर हिकडं सलाईन संपतंय. एकटी हाय मी. सांगा, कुणाला सोडू?"

आपाकाका उठले आणि थेट मोठ्या डॉक्टरांच्या दारात जाऊन उभे राहिले. "म्हशी किती, हात किती?" डॉक्टरांनी अदबीने गुरांच्या दवाखान्याचा रस्ता सांगितला. मी सगळं समजावल्यावर म्हणाले, जागा भरायची फाईल वर गेली आहे.

दुसऱ्या दिवसापासून आपाकाका पाण्याची बादली, रिकामी बादली, तांब्या आणि साबण घेऊन सुजाताच्या मागे खाटेखाटेशी फिरू लागले. हातावर पाणी घालायचे आणि पुढची खाट दाखवायचे. चांगल्या जखमा आधी, पू झालेल्या शेवटी. लोक हसले. सुजाताही हसली, पण हात धूत राहिली.

चौथ्या दिवशी काकींना सणकून ताप आला. टाके लाल झाले होते आणि एका टोकाला पू दिसत होता. सुजाता पांढरी पडली. पहिल्या दिवशी तिचेच न धुतलेले हात लागले असतील, हे तिच्याही मनात आलं असणार. ट्रे घेऊन ती धावत काकींकडेच आली. आपाकाका मध्ये उभे राहिले.

"ना. हिका शेवटाक घे."

काकी कण्हत होत्या. माझं डोकं फिरलं. "आपाकाका, निदान आज तरी! तुमची बायको आहे ती!"

"त्या बायांचेय घोव भायर वाट बघतत," दाराबाहेरच्या नवरे मंडळींकडे बोट करून ते म्हणाले आणि त्यांनी बादली उचलली.

सात जणींच्या जखमा बांधून होईपर्यंत तास गेला. आपाकाकांनी काकींकडे एकदाही पाहिलं नाही. तांब्यातलं निम्मं पाणी जमिनीवर सांडत होतं. मला त्यांचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

शेवटी काकींची जखम साफ झाली. आपाकाका खाटेच्या कडेला टेकले. काकींनी विचारलं, "आणि मी मेलंय तर?"

"तसां बोलू नको गो. तुज्याबगर माका त्या घरात रवाक जमाचा नाय."

काकींनी त्यांचा ओला हात ओढून आपल्या कपाळावर ठेवला.

ताप उतरायला आणखी तीन दिवस लागले. तिन्ही दिवस आपाकाकांनी काकींनाच शेवटी ठेवलं, आणि तिन्ही दिवस मी त्यांच्या जेवणासाठी आणलेला डबा न उघडता परत पाठवला.