गुरूच्या डझनभर पोरांचं बारसं

डहाणूला आमच्या कॉलनीसमोरच्या मैदानावर सकाळी सगळे एकाच दिशेने फेऱ्या मारत. चुरी सर तेवढे उलटे. एकदा रेल्वेतल्या आडदांड राऊतांवर आदळले आणि दोघेही मातीत बसले.

"अहो, सरळ फिरा ना!" राऊत ओरडले.

"उलटं फिरणं हा गुन्हा नाही," सर पँट झटकत म्हणाले. "गुरूचे बाहेरचे चंद्र बहुतेक उलटेच फिरतात."

सर आमचे शेजारी, तलासरीला विज्ञान शिकवायचे. गुरूचे मोठे चंद्र त्यांना आवडत नसत. "ते पुस्तकातले लाडके!" त्यांचा जीव लांब, वेड्यावाकड्या वाटेने हिंडणाऱ्या धोंड्यांवर. "एकेक आपल्या चिंचणी गावाएवढा, पण गुरूला सोडून जात नाही!" तलासरीऐवजी भलत्याच गावी, उधव्याला उतरून उशिरा आलेल्या मुलालाही त्यांच्या वर्गात माफी असे.

२०१८च्या पावसाळ्यात पेपरात आलं, गुरूचे आणखी बारा चंद्र सापडले. सर पेपर फडकवत माझ्या दारात हजर.

"वहिनी, गुरूला बारा पोरं झाली! बिचारी बिननावाची फिरतायत. रविवारी बारसं."

मला वाटलं, गंमत. पण रविवारी खरंच त्यांच्या घरात पाळणा टांगलेला, आत कुंच्या घातलेले बारा चिकू.

"सर, आ तो चिकू छे!" शेजारची मधुबेन किंचाळली.

"दिसायला," सर म्हणाले. "तो कडेचा सांभाळून. उलट्यांच्या गर्दीत एकटाच सुलटा फिरतो."

बायका हसून लोळल्या. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत चिकू पाळण्याखालून-वरून फिरले. मी विचारलं, "आता आत्या कोण?"

सरांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "कुमुद, ये. गुरूची बहीण तूच."

कुमुदवहिनी म्हणजे सरांची बायको. कॉलनीतल्या प्रत्येक बारशाच्या घुगऱ्या त्याच शिजवायच्या आणि दाराशी उभ्या राहायच्या. त्यांना मूल नव्हतं. बाळ त्यांच्या हाती कुणी देत नसे. तसं कुणी बोललं नव्हतं, पण देत नसे.

त्या पदराला हात पुसत आल्या. पहिला चिकू उचलला, मानेखाली आधार द्यावा तसा. हसणं थांबलं. ओठ देठाशी नेऊन त्या काहीतरी पुटपुटल्या. मग दुसरा. मग तिसरा. घाई नाही.

शेवटचा ठेवल्यावर मधुबेनने रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटा घातला. मग आम्ही सगळ्यांनी घातले.

"नावं काय ठेवलीत, वहिनी?" मी विचारलं.

"ज्यांची त्यांना सांगितली," वहिनी म्हणाल्या आणि पाळण्याला झोका दिला.

सर भिंतीकडे तोंड करून पाळण्याची घट्ट असलेली दोरी पुन्हा घट्ट करत होते.