बिनतोंडाचा ज्वालामुखी

मंगळवारी दुपारी जेवणे आटोपत आली असताना आशुतोषने डायनिंग टेबलावर फोटोंचा अल्बम उघडला, आणि गुरुदत्तच्या हातातला ताकाचा पेला हातातच राहिला. फोटोत आशुतोष आणि त्याची बायको उत्तरा स्वेटर घालून एका लाकडी जिन्यावर उभे होते. त्यांच्यामागे गुहेच्या पोटात हिरवट बर्फाची भिंत होती. बाहेर कडक ऊन आणि आत बारा महिने बर्फ. तिथून थोडे चालले की निद्रिस्त ज्वालामुखी. फिनिक्सहून एका वीकएंडला गाडी काढून दोघांनी न्यू मेक्सिकोतली ही दोन्ही आश्चर्ये एकाच तिकिटात पाहून टाकली होती.

आशुतोष म्हणजे गुरुदत्तचा साडू. बायका सख्ख्या बहिणी असल्या की नवऱ्यांना न विचारता शर्यतीत उभे केले जाते, आणि या शर्यतीच्या पंच, म्हणजे सासूबाई, पुण्यात बसून निकाल देत असत. गुरुदत्त चौदा वर्षे ओमानात होता. रस्त्यांची मोजणी करणाऱ्या एका कंपनीत सर्व्हेअर होता, मस्कतजवळ अल खौदला राहत होता आणि या देशाविषयी बोलताना ‘आमच्याकडे’ म्हणत होता. सुट्टीत आलेल्या साडूला चार दिवस त्याने कौतुकाने सगळे दाखवले. मतऱ्याचा किनारा पाहून आशुतोष म्हणाला, छान आहे, छोटासा आहे. किल्ला पाहून म्हणाला, नीट ठेवलाय, छोटासा आहे. हलव्याचा मोठा डबा पाहूनही तो तेच म्हणाला. गुरुदत्तने तिन्ही वेळा गिळले, पण ही बर्फाची भिंत काही घशाखाली उतरेना.

"त्यात काय," तो म्हणाला, "बर्फाची गुहा आमच्याकडेपण आहे. ज्वालामुखीसुद्धा आहे."

सुचित्राचा भाताचा चमचा वरच्या वर थांबला. चौदा वर्षांत तिने या देशात फ्रीजच्या बाहेर बर्फ पाहिला नव्हता. पण नवरा बहिणीसमोर बोलला होता, म्हणून तिने भात वाढला आणि शुक्रवारी जाऊ या, असे तिनेच ठरवून टाकले.

गुरुदत्त अगदीच खोटे बोलला नव्हता. ज्वालामुखीचे सोळा आणे खरे होते. त्याच्या ऑफिसातल्या भूगर्भतज्ज्ञाने ते त्याला इतक्या वेळा समजावले होते की गुरुदत्तला तो आता आपलाच शोध वाटत असे. गुहेचे म्हणाल तर दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, जबल शम्स या उंच डोंगराच्या बाजूला मोजणीला गेला असताना एका पहाटे शेळ्या बांधायच्या गुहेत खळग्यातले पाणी गोठलेले त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तो बर्फ ताटलीएवढा होता आणि ऊन वर येईतो संपलाही होता. गुरुदत्तने तो फक्त जरा मोठा करून सांगितला. नकाशे मोठे करणे हा त्याचा धंदाच होता.

आता फेब्रुवारी संपत आला होता, ताटलीचीही आशा नव्हती. संध्याकाळी त्याने सेबॅस्टियनला गाठले. सेबॅस्टियन वसईचा, एका मोठ्या हॉटेलच्या थंड किचनमध्ये कामाला. बुफेच्या टेबलावर बर्फाचे मासे, शिंपले, होड्या उभ्या असतात त्या कोरण्यात त्याचा हात धरणारे मस्कतमध्ये कोणी नव्हते. गुरुदत्तने त्याला सगळे सांगितले आणि आपले नाक आता त्याच्या हातात असल्याचेही सांगितले.

"भाऊ, टेन्शन घ्यायचं नाय," सेबॅस्टियन म्हणाला. "चार लाद्या गोणपाटात बांधतो, माझ्या दोस्ताच्या, विल्सनच्या पिकअपमधी टाकतो, पहाटे निघून तुमच्या आधी ठेवून येतो. तुमी फक्त जागा दाखवा."

गुरुदत्तने जागा नकाशावर फुलीने दाखवली. सर्व्हेअरची फुली असल्यामुळे ती चुकण्याचा प्रश्न नव्हता. घोळ दुसरीकडेच झाला, आणि तो पहाटे निघताना लक्षात आला तेव्हा पाहुणे झोपलेल्या घरात फोन वाजवून गुरुदत्तला कळवायची सोय नव्हती.

शुक्रवारी सकाळी मंडळी निघाली. डबे, चटया, पाण्याचा कॅन, आणि बहिणीला आवडतो म्हणून सुचित्राने केलेला शिरा. निझवाच्या रस्त्याला समाईलच्या अलीकडे दोन्ही बाजूंना काळेकभिन्न, टोकेरी डोंगर सुरू झाले तशी गुरुदत्तने गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून त्या डोंगरांकडे असा हात केला की जणू ते त्याने स्वतः रचले होते.

"हा आमचा ज्वालामुखी."

आशुतोषने गॉगल काढला, डोंगराचे शेंडे नीट न्याहाळले आणि विचारले, "तोंड कुठाय?"

"तोंड नाहीये. हे सगळं समुद्राच्या तळाखालचं आहे. साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी तिथे पाण्याखाली तप्त रस वर येत होता. मग तो तळच उचलला गेला आणि इथे रस्त्याकडेला येऊन बसला. जगात इतकं उघडं, इतकं मोठं फार कमी ठिकाणी बघायला मिळतं."

"म्हणजे बिनतोंडाचा ज्वालामुखी," आशुतोष म्हणाला.

उत्तरा हसली. सुचित्राही हसली, आणि गुरुदत्तला ते जास्त लागले. चौदा वर्षे जी गोष्ट तो अभिमानाने मनात बाळगून होता, तिला कोणी छोटीशीसुद्धा म्हटले नाही. त्याने पायाशी पडलेला एक जड, हिरवट काळा दगड उचलून आशुतोषच्या हातात दिला. आशुतोषने तो सभ्यपणे गाडीत ठेवला. दोन तासांनी डोंगराच्या चढावर गाडी थांबवली तेव्हा ती मागे घसरू नये म्हणून काहीतरी हवे होते. आशुतोष म्हणाला, "थांबा, तुमचा ज्वालामुखी आहे की," आणि तो दगड त्याने मागच्या चाकाखाली सारला.

गुहा तिथून दहा मिनिटांच्या चढणीवर होती. गुरुदत्त पुढे झाला. आता सगळी भिस्त बर्फावर होती आणि चार लाद्या कशा रचल्या असतील याचे चित्र मनात रंगवत तो आत वाकला. पाहतो तर लाद्या नव्हत्याच. मागच्या भिंतीच्या जरा पुढे कमरेएवढा, पांढराशुभ्र हंस बसला होता.

झाले होते असे. हॉटेलातल्या गुरुवारच्या लग्नात माशांखाली पसरायला सगळ्या लाद्या फोडल्या गेल्या. कोल्ड रूममध्ये उरला तो एकच मोठा बर्फ, म्हणजे आयत्या वेळी एखादा मोडला तर असावा म्हणून कोरून ठेवलेला जादा हंस. तो फोडून त्याचे तुकडे करायचे सेबॅस्टियनच्या मनात एकदा आले होते. पण सहा तास खपून कोरलेली पिसे त्याच्याच्याने फोडवेनात. हंस तर हंस, बर्फ तो बर्फच, असे म्हणत त्याने तो गादीत गुंडाळून डोंगरावर आणला.

मात्र तीन तासांत हंसावर बरेच काही गुजरले होते. डोके वितळून गेले होते. मान लुळी पडून डावीकडे वळली होती, उघडे पंख दोन्ही बाजूंना पसरट झाले होते आणि पोट तेवढे गोल राहिले होते. गुरुदत्तने घाम पुसला आणि सबब शोधायला सुरुवात केली, तेवढ्यात मागून आलेल्या उत्तराने चपला काढल्या.

"ताई," ती हळूच म्हणाली, "बघितलंस?"

सुचित्राने पाहिले आणि तिचे हात आपोआप जोडले गेले. ते कान, ती सोंड, ते पोट. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असे आपण नेहमी ऐकतो. इथे मारुतीचा संबंध नव्हता, पण हंसाचा गणपती मात्र झाला होता.

गुरुदत्तची अवस्था धरले तर चावते, सोडले तर पळते अशी झाली. खरे सांगावे तर नाक कापले जाणार, न सांगावे तर बायको हॉटेलच्या बुफेपुढे डोळे मिटून उभी. तो मनातून शरमला. साडूला फसवायची त्याची तयारी होती, सुचित्राला फसवायची नव्हती. तेवढ्यात तिने डोळे उघडून विचारले, "अहो, तुम्ही दोन वर्षांपूर्वी पाहिलंत तेव्हापण असाच होता?"

"एवढा स्पष्ट नव्हता," गुरुदत्त म्हणाला. हे त्याचे त्या दिवसातले सर्वांत खरे वाक्य होते.

शिऱ्याचा नैवेद्य झाला. उत्तराने आरती म्हटली. मूर्ती डोळ्यांदेखत पाझरत होती म्हणून तिने ती अंमळ भरभर म्हटली. आशुतोष कॅमेरा घेऊन बर्फाच्या मागच्या बाजूला गेला, बराच वेळ तिथे ओणवा होऊन काहीतरी पाहत राहिला, मग पुढे आला आणि त्यानेही हात जोडले.

"मागे कुणी जाऊ नका," तो म्हणाला, "फार निसरडं आहे."

इतक्यात गुहेच्या दारात पांढऱ्या, पायघोळ दिशदाशातले एक म्हातारे ओमानी गृहस्थ काठी टेकत उभे राहिले. शेळ्या त्यांच्या होत्या आणि गुहाही त्यांचीच होती. सलाम झाले, त्यांनी खजूर पुढे केले आणि मग ते अरबीत सकाळची हकीकत सांगू लागले. सकाळी दोन माणसे गाडी घेऊन आली, गादी सोडली आणि आतून हे काढले, असे ते सांगत होते. अरबी फक्त गुरुदत्तला येत होते, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा.

"काय म्हणतायत?" उत्तराने विचारले.

"म्हणतात, हे फार पूर्वीपासून आहे."

पाहुण्यांना नीट कळलेले दिसत नाही असे वाटून म्हाताऱ्यांनी काठी भिंतीला लावली, दोन्ही हात पंखांसारखे फडफडवले, मान लांब केली आणि बदकासारखा आवाज काढून बर्फाकडे बोट दाखवले.

"आणि हिवाळ्यात इथे पक्षी येतात, म्हणतात," गुरुदत्त म्हणाला. आशुतोषला तेव्हा खोकल्याची मोठी उबळ आली आणि तो बाहेर गेला.

गोष्ट इथेच संपली असती तरी चालले असते. पण परतीच्या वाटेवर पायथ्याच्या अल हमराला चहाला थांबले तसा उत्तराने टेलिफोन बूथ गाठला. कार्ड संपेपर्यंत ती पुण्याला आईशी बोलली आणि चेहरा उजळून परत आली. आईने शेजारच्या चार जणींना सांगितलेही होते आणि मस्कतच्या मराठी मंडळाने पुढच्या शुक्रवारी बस काढावी असे सुचवले होते. गुरुदत्तला बस दिसू लागली, बसमधल्या पन्नास बायका दिसू लागल्या आणि रिकाम्या गुहेतले शेळ्यांचे शेण दिसू लागले. त्याने चहाचा कप खाली ठेवला. आता सांगून टाकायचे, असे ठरवून त्याने घसा साफ केला, पण त्याच्या आधी पलीकडच्या बाकावरून सेबॅस्टियन उठून आला. सकाळी दहापासून तो तिथेच बसून होता. काम कसे वाटले हे ऐकल्याशिवाय घरी जाणे त्याच्या जिवावर आले होते.

"भाऊ," त्याने विचारले, "हंस कसा वाटला?"

गुरुदत्तने मान खाली घातली. उत्तर दिले ते आशुतोषने.

"शेपटीची पिसं काय कोरलीत हो," तो म्हणाला, "एकेका पिसाला शीर आहे. मी त्या पिसांचे सहा फोटो काढले."

सेबॅस्टियनचे डोळे भरून आले. दहा वर्षे तो बर्फ कोरत होता, पण बुफेत कोळंबीच्या थाळ्यामागे लपलेली हंसाची शेपटी आजवर कोणी वाकून पाहिली नव्हती. गुरुदत्तने कशीबशी माफी मागायला सुरुवात केली, तर आशुतोषने त्याला थांबवले.

"गुरुदत्तराव, अमेरिकेत मी तिकीट काढून बर्फ बघितला. माझ्यासाठी अडीचशे किलोमीटर बर्फ वाहून आणणारं तिकडे कोण आहे?"

उत्तरा अजून बूथकडेच बघत होती. "ताई, आता आईला काय सांगू?"

"काही सांगू नकोस," सुचित्रा म्हणाली, "हात जोडले ते जोडले. हॉटेलला थोडेच जोडले होते? आणि बसचं मी बघते. बर्फ वितळला, एवढं खरं सांगितलं की पुरे." मग तिने नवऱ्याकडे पाहिले. "तुमच्याशी घरी बोलते."

त्या बोलण्याचा वृत्तांत इथे देण्याचे कारण नाही. गुरुदत्तने तो पुरता ऐकून घेतला. पाहुणे गेले तेव्हा त्यांची बॅग वजनाला जरा जास्त भरली, ती का भरली हे त्याला तेव्हा कळले नाही.

कळले ते एप्रिलमध्ये, ऑफिसात आलेल्या ई-मेलवरून. आशुतोषने चाकाखालचा तो दगड गुपचूप बॅगेत घातला होता आणि फिनिक्सला टेबलावर ठेवला होता. शेजारी राहणारे भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक सहज चहाला आले, त्यांनी दगड हातात घेतला आणि चहा विसरले. हा मिळवायला आम्ही जहाजावरून समुद्राच्या तळाला भोके पाडतो, तुम्हाला हा कुठे सापडला, असे त्यांनी विचारले. गाडीच्या चाकाखाली, असे सांगायची आशुतोषला लाज वाटली. डिसेंबरात ते सहा विद्यार्थ्यांना घेऊन यायचे म्हणत होते. शेवटी आशुतोषने लिहिले होते, ‘गुरुदत्तराव, तुमच्या ज्वालामुखीला तोंड नव्हतं, मी मात्र माझं उगाच उघडलं. ता. क. उत्तराने त्यांना गुहेचंही सांगितलंय.’

गुरुदत्तने तो ई-मेल छापून घेतला, घरी आणला आणि सुचित्राला दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा तिने स्वतः वाचला आणि अल्बम असतो त्या कपाटात नीट ठेवला. त्याची छाती अभिमानाने फुगली होती आणि या वेळी त्यात हवा अजिबात नव्हती.

उत्तर त्याने दुसऱ्या दिवशी लिहिले. प्राध्यापकांना जरूर पाठवा, त्यांना समुद्राचा तळ पायाने चालत दाखवीन. बर्फ मात्र आमच्याकडे नसतो. आमच्याकडे सेबॅस्टियन असतो.

मग त्याने हॉटेलला फोन लावला. सेबॅस्टियनने सगळे ऐकून घेतले आणि डिसेंबरातल्या शुक्रवारची सुट्टी आत्ताच मागून ठेवतो म्हणाला.

"मग या टायमाला काय कोरू, भाऊ?"

"हंसच कोर," गुरुदत्त म्हणाला. "फक्त आत नको नेऊस. दाराशी ठेव, उजेडात, शेपूट पुढे करून."