तावडे सरांचा पंधरवडा

तावडे सर एकदा अर्धेच केस कापून ऑफिसला आले. डावी बाजू झकास, उजवी जशीच्या तशी. झालं असं, की बोरिवलीच्या सलूनमध्ये त्यांनी नेहमीप्रमाणे निम्म्यावर कात्री थांबवून बाकावरच्या गिऱ्हाइकांना विचारलं, "कसं वाटतंय? पुढे जाऊ का?" तेवढ्यात सर्व्हर बंद पडल्याचा फोन आला आणि सर तसेच उठले. दिवसभर आम्ही हसू दाबत होतो. सर मात्र डावा कान पुढे करून शांतपणे म्हणाले, "जेवढं झालंय तेवढं नीट झालंय ना? मग?"

मरोळच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत ते माझे साहेब. हॉटेलात ते आधी अर्धाच डोसा मागवतात. वेटरने आता वाद घालणं सोडलंय. घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा त्यांनी एकच भिंत रंगवून घेतली आणि पंधरा दिवस तिच्यासमोर बसून चहा प्यायला. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, रंग आवडला नाही, म्हणून पुढची भिंत वेगळी. सध्या हॉल तीन रंगांचा आहे. पाहुणे बघत राहिले की सर म्हणतात, "काम चालू आहे अजून." काकू कपाळाला हात लावतात.

एकेकाळी हेच सर अगदी उलटे होते. गिऱ्हाइकाच्या सगळ्या मागण्या आधी लिहून घ्यायच्या, खाली त्याची सही घ्यायची, मग दार लावून कामाला लागायचं आणि शेवटी एकदम पडदा वर करायचा. मध्ये कोणी काही सुचवलं की सर म्हणायचे, "सही झालीय." घाटकोपरच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या दुकानासाठी बिलांचं सॉफ्टवेअर त्यांनी असंच दीड वर्ष खपून केलं. दाखवायच्या दिवशी पेढे नेले. शेठनी सगळं नीट पाहिलं, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "साहेब, एकदम मस्त! पण दुकान तर आम्ही दिवाळीतच बंद केलं. आता फक्त घरपोच माल देतो. तुम्ही मधे कधी आलाच नाही ना!"

वाट लागली! त्यानंतर कंपनीने सगळ्या वरिष्ठांना 'अजाईल' शिकायला पाठवलं. दर पंधरा दिवसांनी थोडंसं काम पुरं करायचं, गिऱ्हाइकासमोर ठेवायचं, तो काय म्हणतो ते ऐकायचं, मग पुढचं. बाकीचे तिथे डुलक्या काढून आले. सर भारावून आले.

माझं पहिलंच काम एका गिऱ्हाइकाने साफ नाकारलं, तेव्हा मी रडवेली झाले होते. सर खूष! "अगं, चूक व्हायचीच. ती लहान असतानाच सापडली, हे किती बरं!" आणि ते खरंही होतं. दोन दिवसांत मी ते बदललं. पुढे काम अर्धं झालेलं असतानाच तो माणूस ते रोज वापरायला लागला.

हे खूळ ऑफिसपुरतं नाही, हे मला काकूंकडून कळलं. त्यांची मुलगी मुक्ता. शाळा, कॉलेज, नोकरी, सरांनी तिचं सगळं आखून ठेवलेलं. तिने तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं, घरही सोडलं आणि मुलुंडला मैत्रिणीबरोबर बेकरी काढली. वर्षभर बापलेकीत एक शब्द नाही. अजाईल शिकून आल्यावर सर एके दिवशी कुणाला न सांगता तिच्या बेकरीत गेले आणि काउंटरसमोर उभं राहून म्हणाले, "माझं काय चुकलं?"

"एवढं सगळं एकदम कसं सांगू, बाबा?"

"मग थोडं थोडं सांग. मी पंधरा दिवसांनी परत येतो."

आणि गेले! तेव्हापासून जातातच. पहिल्या खेपेला ती म्हणाली, "तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता." सर पंधरा दिवस गप्प राहायला शिकले. काकूंना वाटलं, तब्येत बिघडली. मग एकदा ती म्हणाली, "काम झालं की तुम्ही पटकन फोन ठेवता. मी काय कामासाठी फोन करते का?"

गेल्या आठवड्यात मीटिंगसाठी सरांना बोलवायला मी कॅन्टीनमध्ये गेले. ते कोपऱ्यात फोन कानाला लावून बसले होते. तोंडातून अवाक्षर नाही. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. त्यांनी फोनवर हात धरला.

"मुक्ता आहे."

"काय म्हणतेय?"

"काही नाही. पीठ मळतेय."

"मग ठेवा ना सर, सगळे थांबलेत."

"तिने ठेवला नाहीये गं अजून," ते हळूच म्हणाले आणि फोन परत कानाला लावला.

मी वर जाऊन मीटिंग सुरू केली.