चाळीस पेट्या आणि नियम सात

कातळवाडीच्या आंबा उत्पादक संस्थेचा संगणक सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता व्यवस्थित चालू झाला. कंपनीने ही बाब अत्यंत गांभीर्याने घेतली.

संगणकातली स्टिकर छापणारी प्रणाली कंपनीची होती, पावतीसकट रीतसर विकत घेतलेली. संगणक मात्र संस्थेचे कारकून अभय यांनी खेडहून सुटे भाग आणून स्वतः जुळवला होता. अशा यंत्रावर प्रणाली चालणार नाही, असं कंपनीने छापलं होतं. तरी ती चालली. तेव्हा कंपनीने परवाना स्थगित केला आणि आंब्यांवर लावायचे ‘अस्सल रत्नागिरी हापूस’चे स्टिकर छापणं बंद पडलं.

संस्थेच्या सभासद सावित्रीबाई शितप यांचा चाळीस पेट्या आंबा पडवीत पेंढ्यावर पिकायला लागला होता. त्यांचं घर वर्षभर त्यावरच चालायचं. आंब्याला स्थगिती कळत नाही.

बुधवारी कंपनीचे परवाना अधिकारी शुभंकर तपासणीला आले.

“पावती हाय ना ओ आमच्याकडं!” अभय म्हणाले.

“परवाना अस्सल आहे, संगणक अस्सल नाही. नियम सात : कंपनीचं लेबल असलेल्या संगणकावरच प्रणाली वापरावी.”

“पण चालताय की!”

“तीच तक्रार आहे.”

संस्थेचे अध्यक्ष धाकूशेठ तीस वर्षं आंब्याच्या धंद्यात. नियम सात ऐकताच त्यांना अगदी घरच्यासारखं वाटलं.

“लेबल पायजे? येवढाच ना?”

मांडवीच्या भंगारवाल्याकडे त्याच कंपनीचा एक मेलेला संगणक निघाला. त्याचं खोकं आणलं, आतलं सगळं काढून टाकलं, अभय यांचे सुटे भाग भरले आणि झाकण लावलं.

शुभंकरांनी लेबल पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“आत बघताव?” अभय यांनी घाबरत विचारलं.

“आतलं पाहण्याची तरतूद नाही.”

स्थगिती उठली. फक्त खोक्याचा क्रमांक बदलल्यामुळे सर्व बागायतदारांची फेरपडताळणी आवश्यक ठरली. मुदत पंधरा दिवस; तोवर स्टिकर बंद.

“पंधरा दिसात माज्या आंब्याचा चिखल व्हईल ओ सायेब!” सावित्रीबाई दारातून म्हणाल्या.

शुभंकरांना वाईट वाटलं. शिवाय त्यांना घरी एक पेटी न्यायची होती. सावित्रीबाईंनी लगबगीने आपली पेटी आणून उघडली आणि कचेरीभर घमघमाट सुटला.

“स्टिकर?” शुभंकरांनी विचारलं.

“आजेसासऱ्यान लावलेली झाडा हायत माजी. वाईच कापून बगा!”

शुभंकरांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण माणूस नियमाचा. तेवढ्यात धाकूशेठांनी आतून दुसरी पेटी आणली. माल आदल्या दिवशीच घाटावरून ट्रकने आलेला, स्टिकर गेल्या वर्षीच्या उरलेल्या गुंडाळीतले. शुभंकरांनी प्रत्येक स्टिकर तपासला आणि पेटी समाधानाने गाडीत ठेवली.

शुक्रवारी सावित्रीबाई हायवेच्या कडेला टोपल्या घेऊन बसल्या. दुपारी एक गाडी थांबली. काच खाली झाली, वास आत शिरला, मागची पोरं “घ्या ना, घ्या ना” करायला लागली. चालवणाऱ्याने एक आंबा उलटासुलटा करून पाहिला. स्टिकर सापडेना. “फसवायचे धंदे,” असं म्हणत त्याने काच वर केली आणि पुढे धाकूशेठांच्या दुकानातून स्टिकरवाली पेटी घेतली.

गाडी तुमचीच होती. आंबे अस्सल निघाले, असं तुम्ही शेजाऱ्यांनाही सांगितलंत.