मागच्या सीटवरचे चौतीस अंश

दारातल्या पायरीवर दहा वस्तू ओळीने मांडलेल्या होत्या: दोन पाने, एक पक्कड, तीन स्क्रू ड्रायव्हर (त्यांतल्या एकाला मूठ नव्हती), एक टॉर्च, दात घासायचा एक जुना ब्रश आणि प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर. पायरीसमोर अंगणात गाडी, बॉनेट वर केलेलं. आणि माणसं तीन. त्यांतली दोन एकमेकांशी बोलत नव्हती.

बोलणं मोडल्याला बारा दिवस झाले होते. बाबा कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करायचे. त्यांनी चार जणांना भेटून, शब्द टाकून मुलीसाठी तिथेच जागा बघून ठेवली होती. मुलीने मात्र दूर डोंगरावरच्या हवामान केंद्रात नोकरी धरली. रागाच्या भरात बाबा म्हणाले, "जायचं तर जा. पण मला काही सांगू नकोस." मुलगी विज्ञान शिकलेली. मिळालेली सूचना तिने तंतोतंत पाळली.

उद्या सकाळी तिला पोचवायला निघायचं होतं. सहा तासांचा रस्ता. आईला बंद, तापलेल्या गाडीत दहा मिनिटांत मळमळायला लागायचं, आणि गाडीचा एसी कालपासून गरम वारा फेकत होता. "एसी दुरुस्त नाही झाला तर मी बसने जाते," असं मुलीने जाहीर केलं होतं, तेही भिंतीकडे बघून. आईला मळमळीची तशी काळजी नव्हती, त्यासाठी ती नाकाशी लिंबू धरून बसली असती. पोरगी बसमध्ये चढली की हा अबोलाही तिच्याबरोबर बसमध्ये चढेल आणि डोंगरावर जाऊन ठाण मांडेल, ही तिची काळजी होती. हवामान केंद्रातल्यांना सुट्टी कधी मिळते, कोण जाणे.

एसी तपासायला दोन माणसं लागतात. एकाने गाडीत बसून वाऱ्याचं तापमान बघायचं, दुसऱ्याने पुढे उभं राहून कंप्रेसर चालतोय की थांबतोय ते बघायचं. मुलगी स्टिअरिंगमागे बसली, बाबा बॉनेटखाली वाकले आणि निरोप पोचवायचं काम आपोआप आईकडे आलं.

"आई, त्यांना विचार, कंप्रेसर चालू आहे का."

आई गुडघा सांभाळत पुढे गेली. "अहो, चालू आहे का विचारतेय."

"आहे म्हणावं."

आई मागे आली. "आहे म्हणतात."

मुलीने थर्मामीटर बघून तळहातावर पेनाने आकडा लिहिला. असं आठ-दहा वेळा झालं. मग तिने तळहात डोळ्यांसमोर धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कंप्रेसर चालू असला की वारा गरम, आणि बंद असला की गार. म्हणजे या आकड्यांवरून एसी बंद ठेवला की गाडी थंड होते."

आईने हे पुढे पोचवलं.

"मग ठेव बंद म्हणावं," बाबा म्हणाले.

मुलीने खिडकीतून डोकं काढून आईच्या चपलांकडे पाहिलं. "आई, कंप्रेसर दहा-बारा सेकंदांत चालू-बंद होतोय. तू इथवर येईपर्यंत तिकडचं उलटं झालेलं असतं. तिथूनच ओरडून सांग ना."

"ओरडून काय सांगू? आजूबाजूचे म्हणतील, यांच्याकडे भांडण चाललंय."

"भांडणच चाललंय."

"ते आपल्याला माहीत आहे. त्यांना कशाला?"

पण उशीर हा निरोपातला लहान दोष होता. मोठा दोष असा, की आई निरोप धुऊन-पुसून पोचवत होती. बाबा म्हणाले, "तिला सांग, ती रांगत होती तेव्हापासून मी इंजिनं उघडतोय." आईने सांगितलं, "बघतो म्हणाले." मुलगी म्हणाली, "त्यांना म्हणावं, अंदाजाने दुरुस्ती होत नसते." आईने सांगितलं, "सावकाश करा म्हणाली." दोन्हीकडे तिने साखर पेरली आणि आपण फार चांगलं काम करतोय असं तिला वाटत राहिलं.

मग मुलगी म्हणाली, "त्यांना सांग, पुढच्या पंख्याची तार उगीच उपसू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते जन्मात कळणार नाही."

एवढं लांब आणि एवढं बोचरं आईच्याने नेववेना. ती पुढे गेली आणि म्हणाली, "ती म्हणतेय, पंख्याच्या तारेचं तुम्हालाच जास्त कळतं. तुम्हीच बघा."

बारा दिवसांत पहिल्यांदा बाबांचा चेहरा उजळला. "असं म्हणाली?" त्यांनी शर्टाच्या बाह्या सारल्या आणि तार उपसली.

तेवढ्यात आईला गॅसवरचं दूध आठवलं. ती आत गेली.

इंजिन चालू, ऊन डोक्यावर, पंखा बंद. गाडीतली तापमानाची सुई हळूहळू वर सरकायला लागली. मुलीने आईला हाक मारली. आई पातेल्याशी. सुई लाल पट्ट्याजवळ आली. मुलीने हॉर्न दाबला. बॉनेटवर बाबांचं डोकं आपटल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला, आणि त्यामागून मुलीचा:

"बाबा, ती तार लावा. सुई लाल होत आलीय. आणि हात इंजिनच्या पट्ट्यापासून लांब ठेवा."

आई पातेल्यावर हात धरून उभी राहिली.

"तूच काढायला सांगितलीस ना?"

"मी? मी काढू नका म्हणाले."

"मला तर निरोप मिळाला की मलाच जास्त कळतं."

मग दोन्ही माना स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळल्या. आई पटकन खाली बसली. दूध उतू जात होतं. तिने जाऊ दिलं.

ती बाहेर आली तेव्हा तिला कोणी निरोप दिला नाही. मुलगी पुढे उभी होती आणि बाबा तिला टॉर्च धरून दाखवत होते. रेडिएटरच्या पुढे एसीची जी जाळी असते, तिच्यावर एक प्लॅस्टिकची पिशवी चिकटून बसली होती. पिशवीमागे वाळकी पानं, पिसं, गोधडीत भरता येईल इतका धूळ-कापूस. जाळीला वारा लागत नव्हता, म्हणून दाब चढत होता आणि कंप्रेसर सारखा थांबत होता.

"ब्रशने घासू?" बाबांनी विचारलं.

"पत्र्याची पाती वाकतील. नुसतं पाणी मारा, हळू."

"इंजिन निवू दे मग."

"हो, ते बरोबर."

आईने पायरीवर बसून हे सगळं ऐकलं. इतकं रूक्ष आणि इतकं गोड संभाषण तिने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

इंजिन निवल्यावर त्यांनी पाणी मारलं, जाळी वाळू दिली, काचा वर केल्या आणि गाडी सुरू केली. पुढे बाबा आणि मुलगी, मागे आई, तिच्या हातात दुसरा थर्मामीटर.

"पुढे चौदा," मुलगी म्हणाली.

"झालं तर मग," बाबा म्हणाले आणि त्यांचा हात किल्लीकडे गेला.

आईने तो हात पाहिला. आता गाडी बंद होणार, हे वर्तमानपत्र उघडणार, ती बॅग भरायला खोलीत जाणार.

"मागे नाही बाई गार येत," ती म्हणाली.

"नाही? किती दाखवतोय?"

आईने थर्मामीटरचा पारा मुठीत घट्ट धरला होता. थंडीने तिच्या हातांवर काटा आला होता. "चौतीस."

"पुढे चौदा आणि मागे चौतीस?" बाबांचा हात किल्लीवरून निघाला. "असं कसं होईल?"

"मधली हवा फिरत नसेल," मुलगी म्हणाली आणि बोलता बोलता तिने आरशात पाहिलं. आरशात आईची मूठ होती. आईने ती सैल केली नाही आणि नजरही हलवली नाही. मुलीने एकदा मुठीकडे, एकदा आईकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "बराच वेळ चालू ठेवून बघावं लागेल."

"बघू की. घाई काय आहे." बाबा सीटला टेकले. थोड्या वेळाने समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "तिकडे वाऱ्याचा वेग कशाने मोजता?"

"चार वाट्यांचं फिरतं यंत्र असतं."

"बेअरिंग जाम होत असेल थंडीत."

"होतं म्हणे. मला तेच तुम्हाला विचारायचं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, काही सांगू नकोस."

"सांगू नकोस म्हणालो होतो. विचारू नकोस कुठे म्हणालो?"

आईने मागचं दार हळूच उघडलं, उतरली आणि हळूच लावलं. दोघांनाही पत्ता नव्हता. आत जाऊन तिने आधी स्वेटर घातला, मग शेगडी पुसली, मग मुलीची बॅग स्वतःच भरली. मधूनमधून ती खिडकीतून बघायची. गाडी जागच्या जागी गुरगुरत होती. बाबा हवेत बोटांनी काहीतरी फिरवून दाखवत होते आणि मुलगी मान हलवून नाही म्हणत होती. एकदा बाबांनी काच दोन बोटं खाली करून चहा मागितला. तिने तो खिडकीतूनच दिला. "काच लावा लवकर," मुलगी म्हणाली, "प्रयोग चाललाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाल्यावर बाबांनी गाडी आधी पेट्रोल पंपावर घेतली. आदल्या सकाळी त्यांनी तिथेच टाकी काठोकाठ भरून अंतराचा मीटर शून्यावर आणला होता. पंपावरच्या माणसाने टाकी पुन्हा काठोकाठ भरली. मुलीने दोन्ही आकडे वाचले.

पेट्रोल: चार लिटर सातशे मिलिलिटर. अंतर: दोन किलोमीटर दोनशे मीटर.