बिननावाची गोल खोली

रघू मेस्त खोलीचं नाव कळल्याशिवाय तिचा पहिला चिरा बसवत नाही. त्याला नकाशा दाखवा, मापं सांगा, मालकाला समोर आणून उभं करा, तो कानावरची पेन्सिल काढतो आणि विचारतो, "हेचा नाव काय ता सांग. मगे चिरो बसयतंय."

गोव्यातल्या पेडण्याच्या या गवंड्याशी माझी गाठ पडली ती दोन वर्षांपूर्वी, साइट इंजिनिअरच्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. साखळी गावातल्या आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील खाणीच्या ट्रकवर होते. त्यामुळे सुरुवातीला मी साइटवर पदवी हेल्मेटसारखी डोक्यावर घालूनच जात असे. मेस्ताने ती दोन दिवसांत उतरवली, आणि त्याबद्दल मी त्याचा आजही आभारी आहे.

"कोठीची खोली म्हटली की जनेल वर जाता. देवाची म्हटली की कोनाडो आधी धरूक होयो. नाव नाय तर मी भिंत खयच्या अंदाजान बांधू?"

चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न कुठे आला नव्हता.

शब्द आणि वाक्प्रचार कुठून आले, हा त्याचा खास प्रांत. 'जनेल' हा खिडकीसाठीचा शब्द पोर्तुगीजांनी आणला, हे मलाही माहीत होतं. पण मेस्ताच्या मते त्यांनी नुसता शब्द आणला नाही. "खिडकेतसून आपण लोकांक बघतो. जनेलातसून लोकांनी आपणांक बघूचा." किनाऱ्यावरच्या नव्या बंगल्यांसमोरून स्कूटर नेताना मला ते शंभर टक्के पटतं.

'उंबरे झिजवणे' याचा उगमही त्याच्याकडे तयार आहे. ज्याला आत घेतात तो उंबरा ओलांडून जातो, त्यावर पाय देत नाही. ज्याला 'साहेब घरात नाहीत' म्हणून सांगतात तो उंबऱ्यावरच ताटकळतो, म्हणून उंबरा झिजतो. मी कॉलेजातल्या सरांना विचारलं. त्यांनी याला काही आधार नाही, असं कळवलं. मेस्त म्हणाला, "तुझ्या सरान किती उंबरे बसयले?"

तर मोरजीला दिल्लीच्या एका बाईंचं घर आमच्याकडे आलं. आर्किटेक्टही तिकडचेच. घर अगदी आधुनिक: उघडं काँक्रीट, समुद्राच्या बाजूला नुसती काच आणि मधोमध चिऱ्याची एक गोल खोली. नकाशात तिच्यावर लिहिलं होतं, 'स्पेस ३'.

"म्हणजे काय?" मेस्ताने विचारलं.

"जागा," मी म्हणालो. "तिसरी."

"जागा ती आमका दिसताच. नाव काय?"

मी आर्किटेक्टना फोन लावला. ते म्हणाले, त्या खोलीला मुद्दामच काही उपयोग ठेवलेला नाही, तीच तर कल्पना आहे. मी हे मेस्ताला नीट समजावून सांगितलं. त्याने शांतपणे दोरी गुंडाळली आणि कुंपणाची भिंत बांधायला घेतली.

आठवडा असाच गेला. मग आर्किटेक्टचा निरोप आला: सोमवारपर्यंत गोल खोली सुरू झाली नाही तर ही टोळी काढा आणि बेळगावची बोलवा. मेस्ताच्या टोळीत आठ माणसं होती आणि पावसाआधीचं त्यांच्या हातातलं हे शेवटचं काम होतं. मी मेस्ताला तसं बजावलं.

"बेळगावचेय विचारतले," मेस्त म्हणाला.

सोमवारी बाई स्वतः आल्या. साठीच्या, मोकळ्या स्वभावाच्या. हिंदी बोलायच्या. मेस्त आपल्याच भाषेत बोलायचा, आणि मध्ये मी. गोल खोलीत लावायचं चित्र त्यांनी फोनवर दाखवलं. सगळं पांढरं आणि कोपऱ्यात एक निळी रेघ. मेस्ताने फोन हात लांब करून पाहिला.

"हेचा नाव?"

"अनटायटल्ड सात," बाई म्हणाल्या. मी अर्थ सांगितला: नाव ठेवलेलं नाही, त्या मालिकेतलं हे सातवं.

मेस्त हादरला. "सात झाली आणि एकाचाय बारसा नाय?"

टोळी हसली. मी सांगितल्यावर बाईही हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी विचारलं, तुमची मुलं किती?

"तीन," मेस्त म्हणाला.

मी चमकलो. दोन वर्षं मी त्याच्या कुवेतमधल्या दोन मुलग्यांबद्दल ऐकत होतो. तिसऱ्याचं नाव कधी निघालं नव्हतं.

"चेडू थोरला," तो बाईंना नाही, मला म्हणाला. "दहाव्या दिसाक गेला. बारशाक दोन दिस होते."

पहिली मुलगी दहा दिवसांची असताना गेली, हे मी बाईंना हिंदीत सांगितलं. त्यांनी विचारलं, नाव ठरवलं होतं का? मेस्ताने मान डोलावली. मग या खोलीला तेच देऊ या, बाई म्हणाल्या.

"नको. ता चेडवाक दिलेला आसा," मेस्त म्हणाला. "खोलयेक दुसरा बघा."

बाई ओशाळल्या. ते बघून त्यानेच पुढे विचारलं, "हय बसान काय करतल्यात, ता तरी सांगा."

बाईंनी जरा विचार केला. काहीच नाही, म्हणाल्या. चित्रासमोर एकटीच बसेन.

"मगे एकटीची खोली."

त्याने मधोमध खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि गोल आखून घेतला. दाराच्या जागी मात्र थांबला. नकाशात दार अडीच फुटांचं होतं.

"एकटीची असली तरी दार दोघांक पुरतला येवढा ठेवतंय," तो म्हणाला आणि चिऱ्यासाठी हात पुढे केला.

मी नकाशावरचे अडीच खोडले, चार लिहिले आणि आर्किटेक्टना न विचारता खाली सही केली.